मुळांवरील सूत्रकृमि आणि त्याचे मज्जातंतु

तळेगांव दाभाडे येथील फुलशेतीमुळें गुलाब व जरबेरा मावळांत चांगलेच रुजले आहेत. बाहेर लोणावळ्याकडून पाऊस कोसळत असो वा माघाची थंडी असो, हरितगृहांतील माती बारमाही ओली व उबदार. त्यांत एकच पीक वर्षानुवर्षें उभें. मुळांवर गांठी धरविणाऱ्या सूत्रकृमीस याहून सुखाची जागा कोणती? झाड खुरटलें कीं खत वाढवावयाचें, त्यानें न भागल्यास दाणेदार विष मुरवावयाचें, हा परिपाठ मात्र आम्हांस पसंत नाहीं.

हा कृमि मुळाशीं योगायोगानें पोहोंचत नाहीं. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस सूक्ष्म गंधेंद्रियें असतात; मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग तो त्यांनीं काढतो. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा त्याचा निरुपद्रवी भाऊबंद जेमतेम मिलिमीटरभर लांब. त्याच्या उभयलिंगी जातींत अवघ्या 302 मज्जापेशी असून त्यांच्या जोडण्यांचा नकाशा केंब्रिजच्या संशोधकांनीं 1986 सालीं प्रसिद्ध केला. 1994 सालीं मार्टिन चाल्फी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जेलीफिशचें हिरवें चमकणारें प्रथिन या कृमीच्या स्पर्शपेशींत उत्पन्न केलें. तेव्हांपासून कोणतें जनुक कोणत्या पेशींत जागें आहे, हें जिवंत प्राण्यांतच पाहतां येऊं लागलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि या कृमीच्या मज्जातंतूंवर काम झालें आहे.

शेतकऱ्यास याचें काय, असें कोणी विचारील. कार्बामेट व सेंद्रिय फॉस्फरस वर्गांतील विषें नेमका याच तंतूंवर घाव घालतात. मज्जातंतूचा निरोप स्नायूस पोहोंचविणारें ॲसिटिलकोलीन वेळींच मोडणारें एक प्रथिन असतें; तें या विषानें अडतें व कृमि लुळा पडतो. तसेंच प्रथिन वाफ्यांत उघड्या हातांनीं दाणे टाकणाऱ्या मजुराच्या अंगांतहि आहे! शिवाय मात्रा थोडी पडल्यास कृमि मरत नाहीं. विष धुपलें कीं तो सावरून पुन्हा मुळाकडे वळतो. म्हणजे पैसा गेला, धोका पत्करला आणि कृमि जागच्या जागीं. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आली, ती योग्यच झाली.

तेव्हां विष आणण्यापूर्वीं एक झाड उपटून मुळें धुवून पाहावीं व गांठी आढळल्यास माती तपासून घ्यावी. झेंडूचा फेरपालट गुणकारी आहे. पण कर्जाचे हप्ते फेडणाऱ्यास एक हंगाम झेंडूस देणें जड जातें, हें आम्ही जाणतों. म्हणूनच वडगांवच्या केंद्रानें मावळास इंद्रायणी भात दिला, तशाच आस्थेनें कृषि विद्यापीठांनीं या कृमीचें गंधेंद्रिय चकविण्याचे प्रयोग तळेगांवच्या वाफ्यांत करावे, अशी मागणी आपल्या मंडळानें लेखी करावी.