ठपका ताटावरच का?

कोलशेतला आमच्या शेजारच्या वहिनींच्या पायांवर सूज आली. रक्तात अल्ब्युमिन निघाले 2.4, असायला हवे साधारण 3.5 ते 5. डॉक्टर म्हणाले, “जेवत नसतील, दुसरे काय!” सासूबाईंनीही तेच ऐकवले. पण हे प्रथिन यकृतात तयार होते. यकृत बिघडले, मूत्रपिंडातून ते लघवीत झिरपले, अंगात मोठा जंतुसंसर्ग असला, तरी ते घटते. आम्ही हट्टाने लघवी तपासून घेतली. प्रथिन तिथूनच जात होते!

बाई शेवटी, उरलेसुरले खाते हे खरेच, त्यासाठी भांडूच. पण तिच्या ताटावर ठपका ठेवून पुढची तपासणी थांबवणे हाही अन्यायच. मैत्रिणींनो, रिपोर्ट हाती आला की विचारा, “कशामुळे कमी? लघवी तपासली का?”