ॲटलसचा कारखाना बंद झाला, मग जुन्या सायकलला चेन कुठली बसते?

३ जून २०२०, जागतिक सायकल दिन. नेमक्या त्याच दिवशी ॲटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला. २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर पाहिलेल्या शिरोळमध्ये पाण्यात राहून चेन गंजलेली जुनी सायकल असेल, तर पार्ट मिळणार का?

मिळतो. कारण चेन एका कंपनीपुरती नसतेच. तिच्या दोन पिनांमधलं अंतर जवळपास सगळीकडे अर्धा इंच. फरक रुंदीत. साध्या काळ्या सायकलची चेन आतून १/८ इंच, म्हणजे एक सूत. गिअरवालीची ३/३२ किंवा त्याहून बारीक. रुंद चेन बारीक दात्यांवर चालून जाते, उलटं मात्र जमत नाही.

जुनी रेसिंग सायकल असेल तर गिअरचा लिव्हर बघा. १९८४ मध्ये शिमानोने 'क्लिक' होणारे गिअर आणले. त्याआधीचे लिव्हर हाताच्या अंदाजावर चालायचे, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं फ्रीव्हीलही बहुतेकदा खपून जातं. क्लिकवाल्याला चकत्यांमधलं अंतर तंतोतंत लागतं.

दुकानात जाण्याआधी २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. एक सूत जास्त भरली, तर चेनसोबत बहुधा फ्रीव्हीलही बदलावं लागेल, नाहीतर नवी चेन झिजलेल्या दात्यांवरून उड्या मारते.