कार्यारंभ आदेशानंतरचे पाच दिवस

वाचकहो, फराळाचं ताट पुढ्यात असताना निविदेवर काय लिहायचं, असं कोणीही म्हणेल. पण यंदाचा दिवाळी अंक नद्यांवर काढायचा ठरला, आणि आमच्या कोरेगाव भीमात नदीचा विषय निघाला की बोलणं पुलावर येतंच. रांजणगाव, सणसवाडीच्या कारखान्यांचे ट्रेलर रोज इथल्या पुलांवरून जातात, आणि दर १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाकडे लाखोंची गर्दी लोटते.

इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि ते पाणी आमच्या पुलाखालून पुढे दौंडकडे जातं. १५ जून २०२५ च्या रविवारी मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला तो याच इंद्रायणीत. चार माणसं गेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलाला सुमारे ८ कोटी रुपये मंजूर होते. कार्यारंभ आदेश १० जूनला निघाला होता. पैसा होता, कागद होता. पाचव्या दिवशी जुना पूल माणसांसकट नदीत गेला.

नवीन काम मंजूर झालं की जुन्याची जबाबदारी संपली, असं आपल्याकडे गृहीत धरलं जातं. वास्तविक मंजुरीपासून काम सुरू होईपर्यंतचा काळच सगळ्यात धोक्याचा. पूल तोच, भार तोच, आणि डागडुजीवर खर्च कशाला, आता नवा होतोयच, ही सबब वर! जुना पूल बंद कोणी करायचा, तिथे माणूस कोणी उभा करायचा, हे आदेशातच लिहिलेलं हवं. सुट्टीच्या गर्दीला नुसता फलक अडवत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या निविदेची. नव्या पुलाला किती सिमेंट, किती लोखंड हे आधी मोजता येतं. दुरुस्तीचं तसं नाही. जॉइंटमधून पाणी झिरपतं, गजाला गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलून देतं. बाहेरून स्लॅब धड दिसतो. हातोडीने ठोकलं की बद्द आवाज येतो. किती फोडावं लागेल ते फोडल्यावर कळतं. बेअरिंग बदलायचं तर अख्खा गाळा जॅकवर उचलावा लागतो. असं काम अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दराने घेणारा ठेकेदार ते पैसे कुठून काढणार? पोकळ भाग न फोडता वरून गिलावा मारूनच. अशा कमी दराच्या (‘बिलो’) निविदेवर जादा अनामत घेऊन सरकारचे पैसे सुरक्षित होतात, पुलाचं काय? आमच्या मते आधी ठोकून, नमुने काढून पाहणी व्हावी, मगच दर मागवावेत, आणि असं काम आधी केलेल्यालाच ते द्यावं.

अर्थात पाहणीचा कागदही डोळे झाकून मानायचा नसतो. मुंबईत १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, त्याच्या तपासणी अहवालात किरकोळ दुरुस्त्याच सुचवल्या होत्या.

वेगाने कामं होत नाहीत असंही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसट्यांसह वाहून गेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ ला खुला झाला. एवढी घाई पूल पडल्यावरच का सुचते, हे मात्र कोणी सांगत नाही.

म्हणून या दिवाळीत वाचकांकडे एकच काम सोपवतो. आपल्या वाटेवरच्या एखाद्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, दुरुस्ती कोणाला दिली, दोष दायित्वाची, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची, मुदत कधी संपते, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज दहा रुपयांत होतो. ‘तुम्ही इंजिनिअर आहात का?’ असं खिडकीवर कोणी विचारलंच, तर नाही म्हणा आणि पोचपावती मागा.