स्क्रिबा, सोफेर आणि आपले लिहिणारे



यंदा बेलव्ह्यूला एका नातेवाइकांकडे आम्ही सेदेरला होतो. भांडी आवरताना त्यांची नात आजीला म्हणाली, "सोफेरला लॅटिनमध्ये स्क्रिबा म्हणतात." ती शाळेत लॅटिन शिकते. इटालियनमध्येही स्क्रिबा आहेच, शिवाय स्क्रिव्हानो. नेपल्सला रस्त्यावर टेबल मांडून निरक्षरांची पत्रे लिहून देणारे ते स्क्रिव्हानो. मुंबईच्या जीपीओबाहेरचे पत्रलेखक आठवा. रोमचा स्क्रिबा मात्र पगारी सरकारी कारकून. कवी होरेसनेही ती नोकरी केली होती.

सोफेरचे तसे नाही. त्या शब्दाचे मूळ 'मोजणे' यात आहे. जुने सोफेर तोरातले प्रत्येक अक्षर मोजत म्हणून हे नाव पडले, असे तालमूद सांगते. एक अक्षर गळाले तरी दुरुस्त होईपर्यंत सेफेर तोरा वाचायला चालत नाही. मराठी बायबलने त्याला 'शास्त्री' केले. विद्वत्ता आली, लेखणी गेली!

आपली हिब्रू-मराठी हग्गादा १८४६ साली मुंबईत निघाली, ती शिळाछापावर. म्हणजे कुणीतरी बसून ती आधी हाताने लिहिली. पुढे प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे करणाऱ्या जोसेफ इझिकिएल राजपूरकरांचे नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यावेच. पण शिळेसाठी लिहिणाऱ्याचे, आपल्या आजीची केतुबा लिहिणाऱ्याचे नाव किती घरांत घेतले जाते?

आता केतुबा ऑनलाइन मागवतात. नावे भरली की सुरेख छापून घरी येते. आमची हरकत नाही. पण दिवेकर, राजपूरकर या आडनावांत कोकणातले गाव आहे, ते त्या फॉर्ममध्ये कुठे भरणार? म्हणून आमचे म्हणणे एवढेच: मजकुराला हात लावू नका, वेगळ्या कागदावर घरातल्या कुणीतरी मराठीत, हाताने, आडनावाचे गाव आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे लिहावीत आणि खाली लिहिणाऱ्यानेही आपले नाव घालावे. तो कागद केतुबेसोबत ठेवावा. जुनी केतुबा असेल तर ती कुणी लिहिली, हे थोरांना आजच फोन करून विचारा. ही माहिती स्कॅनमध्ये येत नाही.

"मराठी वाचणार कोण?" असे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्या रात्री नातीने आजीकडून आपले आडनाव कागदी रुमालावर लिहून घेतले आणि खाली स्वतः गिरवले. 'कर'मधला 'र' उलटा आला. आजीने दुसरा रुमाल दिला.