अनुशेषाची वकिली कोण करणार?

नागपूरचे हिवाळी अधिवेशन म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. संत्रानगरीत मंत्र्यांचे ताफे दाखल होतात, विधानभवनाकडे निघालेले मोर्चे वाटेतच अडवले जातात, विदर्भाच्या प्रश्नांवर एखाद-दुसरा दिवस चर्चा होते, पुरवणी मागण्या मंजूर होतात आणि सरकार मुंबईला परतते. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात वर्षातून काही काळ राज्यकारभार नागपुरातून चालेल आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरेल, असे वचन देण्यात आले होते. काही अपवाद वगळता ते वचन पाळले गेले. मात्र त्याच करारात आणखी एक वचन होते. विकासाचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाईल, मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि यासंबंधीचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे ते वचन होते. अधिवेशनाचा सोहळा टिकला. अहवालाची शिस्त मात्र टिकली नाही. महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाची सारी कथा या एका विसंगतीत सामावलेली आहे.

हे वचन केवळ करारापुरते राहिले नव्हते. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये त्याला राज्यघटनेत स्थान मिळाले. कलम ३७१ च्या दुसऱ्या उपकलमानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात. मंडळांच्या कार्याचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवणे, विकासखर्चाचे न्याय्य वाटप करणे, तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांमध्ये सर्व विभागांना पुरेशी संधी देणे या बाबीही त्यात अंतर्भूत आहेत. घटनाकारांच्या पिढीने राज्याच्या एका भागाचे गाऱ्हाणे सत्तेच्या दारी पोहोचवण्यासाठी इतकी तपशीलवार व्यवस्था करून ठेवली होती. ती प्रत्यक्षात यायला मात्र ३८ वर्षे लागली.

या ३८ वर्षांत अन्यायाची भावना होती, आंदोलने होती, भाषणे होती. नव्हते ते मोजमाप. १९८३ मध्ये प्रख्यात अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि चित्र पालटले. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा ही नऊ क्षेत्रे निवडली. प्रत्येक जिल्ह्याची स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट भरून काढण्यास लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष, अशी सोपी आणि न्यायालयातही टिकेल अशी व्याख्या केली. १९८४ च्या अहवालानुसार हा अनुशेष सुमारे ३ हजार १८७ कोटी रुपये भरला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता. पश्चिम महाराष्ट्राच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांना या आकड्यांनी एक सत्य सांगितले की, मागासपण तेथेही आहे. आणि सारे आलबेल आहे असे मानणाऱ्यांनाही त्यांनी निरुत्तर केले. कोणत्याही प्रदेशाची खरी वकिली अशीच होते. आधी पुरावा, मग युक्तिवाद.

त्याच वर्षी विधिमंडळाने विकास मंडळांची मागणी करणारा ठराव संमत केला. मराठवाड्यात गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न चिकाटीने लावून धरला. तरीही राष्ट्रपतींचा आदेश निघायला १९९४ साल उजाडले आणि राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांच्या कारकिर्दीत, १ मे १९९४ पासून तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली.

या मंडळांचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. लोकप्रतिनिधी, स्थानिक स्वराज्य संस्थांचा प्रतिनिधी, विविध विषयांतील तज्ज्ञ आणि विभागीय आयुक्त अशी त्यांची रचना. रस्ता बांधण्याचा, धरण मंजूर करण्याचा वा एका रुपयाचाही कर बसवण्याचा अधिकार त्यांना नाही. आपल्या विभागाची पातळी योग्य निर्देशांकांवर मोजणे, कोणत्या क्षेत्रात किती खर्च व्हावा हे सुचवणे, झालेल्या खर्चाचा परिणाम तपासणे आणि वार्षिक अहवाल राज्यपालांमार्फत विधानसभेपुढे पाठवणे एवढेच त्यांचे काम. कागदावर हे दुबळे वाटते. 'दात नसलेला वाघ' म्हणून मंडळांची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु सल्लागार संस्थेचे बळ आदेशात नसते. तिने मांडलेली वस्तुस्थिती सत्ताधाऱ्यांना नाकारता येत नाही, यात ते असते.

मंडळांच्या पहिल्या पर्वात याचा प्रत्यय आला. निर्देशांक व अनुशेष समितीने नव्याने गणित मांडले. त्यात १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष सुमारे १४ हजार कोटी रुपये आढळला आणि त्यातील जवळपास निम्मा एकट्या विदर्भाचा होता. दोन्ही आकडे वेगवेगळ्या काळातील किमतींवर काढलेले असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही. पण दशकभराच्या आश्वासनांनी दरी बुजली नव्हती, हे त्यातून उघड झाले. त्या आधारे २००१ पासून राज्यपालांनी निधिवाटपाचे निदेश देण्यास प्रारंभ केला. पुढे एक महत्त्वाची गोष्ट घडली, जिची चर्चा फारशी होत नाही. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, तेव्हा अनुशेष निर्मूलनासाठीचे राज्यपालांचे निदेश जलक्षेत्राला लागू राहतील, अशी तरतूद त्या कायद्यातच करण्यात आली. मोजमापातून निदेश आणि निदेशातून कायद्याचे कलम, असा हा प्रवास आहे. प्रादेशिक नियोजनाची संस्था धोरणावर आणि कायद्यावर कसा प्रभाव टाकू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, हा प्रवास अर्ध्या वाटेवरच अडखळला. रस्ते, शाळा, आरोग्य यांवरील खर्चाचा अनुशेष कालांतराने भरल्याचे सांगितले गेले. परंतु अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील सिंचनाचा भौतिक अनुशेष वर्षानुवर्षे राज्यपालांच्या निदेशांत पुन:पुन्हा येत राहिला. निधीची तरतूद झाली म्हणजे पाणी शेतात पोहोचले असे होत नाही. भूसंपादन, वनखात्याची मान्यता, रिक्त पदे, अपुरे कालवे या अडथळ्यांचा हिशेब रुपयांत मांडता येत नाही. ज्या पट्ट्यात कोरडवाहू कापूस आणि कर्ज यांच्या कात्रीत शेतकरी सापडला, त्याच पट्ट्यात हा अनुशेष रेंगाळावा, हा योगायोग खचितच नव्हे.

मंडळांची मर्यादाही येथे मान्य केली पाहिजे. त्यांनी बहुतांशी रुपयांची भाषा बोलली. नियम बदलण्याची भाषा कमी बोलली. वैद्यकीय प्रवेशांतील ७०:३० सूत्राचेच पाहा. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी, हा नियम वरकरणी समन्यायी दिसे. पण मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने तेथील गुणवान विद्यार्थ्यांची वाट त्याने अडत असे. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून धरण वा महामार्गाइतका पैसा लागला नाही. असे कितीतरी नियम वरून समान आणि आतून विषम असतात. ते हुडकून काढून विधिमंडळापुढे ठेवणे हे प्रादेशिक मंडळाचे खरे काम आहे.

त्याच २०२० मध्ये नेमकी उलट गोष्ट घडली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही. कोरोनाचे कारण काही महिने समजण्यासारखे होते. परंतु मार्च २०२१ मध्ये विधानसभेत हा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी मंडळांची घोषणा राज्यपालांकडे प्रलंबित असलेल्या विधान परिषदेच्या बारा नामनियुक्त सदस्यांच्या नावांशी जोडली. दोन घटनात्मक बाबींची अशी अदलाबदल करण्याची कल्पनाच मुळात खेदजनक होती. वाशीमच्या सिंचनाचा आणि विधान परिषदेतील नियुक्त्यांचा परस्परांशी संबंध काय? पुढे सत्तांतर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच होता. तरीही त्यानंतर दीर्घकाळ मंडळे उभी राहू शकली नाहीत. तेव्हा एका पक्षाकडे बोट दाखवून हा विषय संपत नाही. दर पाच वर्षांनी मुदतवाढीसाठी हात पसरावा लागेल अशी रचना असेल, तर कोणतेही सरकार तिचा उपयोग सोयीप्रमाणे करू शकते, हा त्यातील धडा आहे.

अहवालांची गतही निराळी नाही. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समिती २०११ मध्ये नेमली गेली, तिने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि तो विधिमंडळाच्या पटलावर आला डिसेंबर २०१४ मध्ये. अहवालाला सभागृहाचा उंबरठा ओलांडण्यासच वर्षाहून अधिक काळ लागत असेल, तर त्यावरील कृतीची अपेक्षा कोणी कोणाकडून करावी?

शेजारच्या कर्नाटकात, एकेकाळी मराठवाड्याबरोबरच निजामाच्या राज्यात असलेल्या हैदराबाद-कर्नाटक भागाने वेगळी वाट चोखाळली. १९९१ च्या राज्य कायद्याने तेथे विकास मंडळ झाले. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये तालुकानिहाय मागासलेपण मोजले. विधिमंडळाने एकमुखाने मागणी केली आणि २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१-ञ अस्तित्वात आले. स्वतंत्र मंडळाबरोबरच शिक्षण आणि नोकऱ्यांत स्थानिकांसाठी आरक्षणाची तरतूदही त्यामुळे शक्य झाली. तेथील सारे प्रश्न सुटले असे नाही. पण मागणी, मोजमाप आणि कायदा यांची साखळी तेथे तुटू दिली गेली नाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? मंडळांना मुदतीच्या टांगत्या तलवारीतून मुक्त करावे. त्यांच्या वार्षिक अहवालावर नागपूर अधिवेशनातील एक दिवस नियमाने राखून ठेवावा. मागील अहवालातील शिफारशींपैकी काय झाले आणि काय का झाले नाही, याचे कृती-विवरण सरकारने त्याच दिवशी मांडावे. आणि सिंधुदुर्गापासून नंदुरबारपर्यंतचा प्रदेश 'उर्वरित' या एका शब्दात कोंबताना पुण्याच्या समृद्धीने सातपुड्यातील वनवासी बांधवांचे दारिद्र्य झाकले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.

तथापि सारे सरकारवर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात डॉक्टरांची किती पदे रिक्त आहेत, किती शेतांत कालव्याचे पाणी पोहोचले, याची माहिती गोळा करून ती आमदारांपुढे ठेवणारे सुशिक्षित नागरिक प्रत्येक तालुक्यात हवेत. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशी आहे. प्राध्यापक, अभियंते, निवृत्त अधिकारी आणि सामाजिक कार्यकर्ते यांनी ठरवले, तर मंडळ असो वा नसो, मोजमापाचे काम थांबणार नाही.

राज्याची एकात्मता केवळ भाषेच्या अभिमानावर टिकत नाही. सर्वांत मागे राहिलेल्या बांधवाला आपले म्हणणे ऐकले जात आहे, असा विश्वास वाटावा लागतो. ज्याचे गाऱ्हाणे सभागृहात आकड्यांनिशी मांडले जात नाही, तो उद्या ते रस्त्यावर संतापाने मांडतो आणि मग वेगळेपणाची भाषा बळावते. सत्तर वर्षांपूर्वी नागपुरात दिलेला शब्द पूर्ण करण्याची संधी प्रत्येक अधिवेशन महाराष्ट्राला देते. ती साधायची की मोर्चे अडवून परतायचे, हे राज्यकर्त्यांनी ठरवायचे आहे.