चतकोर भाकरीचे गणित



मुलांच्या दप्तरात आपण जेवणाचा डबा शोधायला जातो आणि कधीकधी भलतेच हाती लागते. माझ्या धाकटीच्या दप्तरात, वहीच्या कव्हरात घडी घालून दडवलेला गणिताचा पेपर सापडला. २५ पैकी ६! तेव्हा ती चौथीत होती. मी काय केलं असेल? ओरडले, आणि वर "एवढं साधं येत नाही?" असंही म्हणाले. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. तिला मार्कांपेक्षा माझीच भीती जास्त होती, म्हणून तर पेपर लपवला, हे कळायला मला रात्र उलटावी लागली.

सकाळी शांतपणे पेपर पाहिला. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? तिचे उत्तर, अष्टमांश. का गं? "आठ चारापेक्षा मोठे ना!" उत्तर चुकले होते, पण पोरीने विचार केला होता, बरं का!

संध्याकाळी भाकऱ्या करताना तिला जवळ बसवले. एका भाकरीचे चार तुकडे केले, तेवढ्याच दुसरीचे आठ. "भूक लागली तर कुठला घेशील?" तिने झटकन चतकोर तुकडा उचलला आणि स्वतःशीच हसली. मग दोन चतकोर जोडून अर्धी भाकरी केली. पेपरात मात्र हीच बेरीज वरचे वर, खालचे खाली मिळवून दोन अष्टमांश लिहिली होती!

अहो, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे अपूर्णांकच. आधीच्या पिढ्या पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी पाठ करीत. १९५७ साली दशमान नाणी आली, मागोमाग किलोग्रॅम आले आणि ते पाढे मागे पडले. आपल्या ओट्यावर मात्र अजून पाऊण वाटी आणि दीड वाटीच चालते. "मला कुठं गणित येतं?" असे म्हणू नका. चौघांचा अंदाज सहांना पुरवणारी बाई रोज गणितच करते.

या रविवारी करून पाहा :

शिरा : चौघांना १ वाटी रवा, १ वाटी साखर, अर्धी वाटी तूप, अडीच वाट्या पाणी. सहा जण जेवायला असतील तर? सगळे दीडपट. रवा आणि साखर दीड-दीड वाटी, तूप पाऊण, पाणी पावणेचार. मुलांना वाटीने मोजू द्या, उत्तर आपोआप येते.

इडली : ३ वाट्या तांदळाला १ वाटी उडीद डाळ. डाळ २ वाट्या घेतली तर तांदूळ किती? हेच गुणोत्तर.

पोळी : एक घडी घातली की दोन पदर, दुसरी घातली की चार. तिसरी घातली तर?

वजन : घरात वजनकाटा असेल तर एकाच वाटीने आधी साखर, मग पोहे मोजा. वाटी तीच, वजन निराळे. का, ते मुलांनाच सांगू द्या.

काही पथ्ये मात्र पाळा. डब्यांच्या घाईत हा उद्योग नको. विस्तवाजवळचे काम आपणच करावे. एका वेळी एकच गोष्ट, आणि झाली की ती वहीत आकड्यांनी लिहून घ्यावी, नाहीतर वाटीतले वाटीतच राहते. मुलींना जसे बसवाल तसे मुलांनाही बसवा. आणि चुकले तर चुकू द्या. पाणी जास्त पडले तर शिरा सैल होईल, एवढेच ना? सैल शिराही गोडच लागतो.

पुढच्या परीक्षेत धाकटीला २५ पैकी १३ मिळाले. फार नव्हेत. पण तो पेपर तिने आपणहून आणून माझ्या पोळपाटाशेजारी ठेवला. मला तेवढे पुरले.