न्हाणीचं पाणी

२०२३ च्या गणपतीत आमच्या कोकणातल्या घरी तेरा माणसं होती. मुलगा-सून, लेक-जावई, नातवंडं, मुंबईचे दीर-जाऊ. ऋषिपंचमीच्या दुपारी मागच्या अंगाला वास यायला लागला आणि संध्याकाळी संडासातलं पाणी खाली जाईना. सेप्टिक टँक तुडुंब!

टँकर घेऊन दोन मुलगे आले. पाईप टाकून वरचा उपसा झाला, पण तळाचा घट्ट गाळ निघेना. त्यातला धाकटा, जेमतेम विशीतला, सहज म्हणाला, "बाई, मी उतरतो आत. बादलीने काढतो." मी अशी काही ओरडले की वर्गातला आवाज इतक्या वर्षांनी पुन्हा निघाला. टाकीतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसं उतरतात आणि मरतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ओरडले नसते तर?

आठवड्याने माझा एक जुना विद्यार्थी, आता गवंडीकाम करतो, तो बघायला आला. म्हणाला, "बाई, तुमची टाकी घाणीने नाही, पाण्याने भरते." मग त्याने मला शिकवलं, मी ऐकलं. टाकीत मैला खाली बसायला, कुजायला पाणी एक-दोन दिवस तरी संथ राहावं लागतं. आमच्याकडे तेरा जणांच्या अंघोळी, धुण्याचं मशीन, मोरी, सगळं त्याच टाकीत. वरून लोंढा आला की अर्धवट बसलेला गाळ ढवळतो आणि पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. खड्ड्याची छिद्रं बुजतात. त्यात पावसाने जमीन आधीच भिजलेली. पाणी जाणार कुठे?

मला आठवलं, माझ्या माहेरी न्हाणीच्या मागे केळ, अळू आणि कर्दळ असायचीच. अंघोळीचं पाणी चरातून तिकडे जायचं. त्याला कुणी योजना म्हणत नव्हतं. पुढे आम्ही शिकलो, पगार आले, चिऱ्यांची नवी घरं बांधली आणि सगळं पाणी एका पाईपात घालून त्याला सुधारणा म्हटलं. संडास घरात आला ही सुधारणाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साबणाचं पाणी आणि मैला एकत्र करणं ही आमच्या पिढीची चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर आम्ही काय केलं ते सांगते. न्हाणीचा आणि मशीनचा पाईप टाकीपासून तोडला. तो एका जुन्या प्लास्टिकच्या पिंपात सोडला. तोंडाशी केस आणि धागे अडकायला जाळी, आत खाली मोठी खडी, वर बारीक. पिंपातून पाणी उतारावरच्या बारा फुटी चरात जातं. चरात खडी आणि नारळाची सोडणं, दोन्ही काठांना केळी आणि कर्दळ. मोरीचं पाणी तेलकट, म्हणून त्याला आधी एक छोटी कुंडी, त्यातली साय दर रविवारी काढायची. विहीर चढावर, सत्तर फुटांवर आहे. ती खालच्या अंगाला असती तर मी हे केलंच नसतं. मजुरीसकट खर्च साडेपाच हजार. टँकरच्या दोन खेपांपेक्षा फार जास्त नाही.

ह्यांचा पहिला प्रश्न, "डास?" पाणी उघडं साचतच नाही, खडीखालून जातं. पिंपात मात्र ते दिवसभरही साठवायचं नाही, लगेच कुजतं. जाऊबाई म्हणाल्या, "सांडपाण्यावरची केळी मी खाणार नाही हो!" मी म्हटलं, घड वर लटकतो, त्याला पाणी लागत नाही. आणि लहानपणी आपण कुठली खाल्ली? तरी त्या पाण्यावर कोथिंबीर, मुळा असलं कच्चं खायचं काही लावायचं नाही, हे मीही पाळते. बाळाच्या लंगोटांचं पाणी संडासातच ओतायचं.

यात सगळं सुटलं असं नाही. आषाढात चर भरतो, तेव्हा जास्तीचं पाणी माडांच्या आळ्यात काढून द्यावं लागतं. जाळी धुवायचा कंटाळा केला की पाणी तुंबतं. आणि गाळ साठणारच, टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागणारच. पण ती मशीनने, गाळ घट्ट होण्याआधी, कोरड्या दिवसांत. सणाच्या घाईत कुणाचं पोर आत उतरवून नाही.

२०२४ च्या गणपतीत अकरा माणसं होती. टाकीने काही कुरकुर केली नाही. नातवाने मात्र केळीपाशी जाऊन वास घेतला आणि जाहीर केलं, "आजी, इथे साबणाचा वास येतो!"

येऊ दे. असो. नवीन घर बांधणाऱ्या माझ्या भाचे-पुतण्यांना एवढंच सांगणं आहे: प्लंबरला पहिल्याच दिवशी सांगा, दोन पाईप वेगळे काढ. नंतर फरशी फोडायला लागते. आम्ही ती फोडली आहे.